आपल्याच वस्तूचा न्याय



जी वस्तू आपण पदरमोड करून घेतली, जी घरात आणताना घरच्यांची नाराजी पत्करली, तिच्याविषयी खरे बोलणे आपल्याला शक्य असते काय? खोटे बोलू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकजण जाणूनबुजून फारसे खोटे बोलतही नाहीत. माझा प्रश्न त्याच्या थोडा अलीकडचा आहे. बोलण्यापूर्वी ऐकावे लागते. त्या ऐकण्यातच खोट शिरली असेल, तर तिचा दोष कोणाच्या माथी?

हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो गिटारच्या एका ॲम्प्लिफायरमुळे. विषय चैनीचा वाटेल, आणि तो तसा आहेही. तरीपण आपण थोडा धीर धरावा. आपल्या घरात असे यंत्र नसेल; पण आपली म्हणून जपलेली एखादी वस्तू, एखादे मत, एखादे कर्तृत्व असेलच.

मी कोलकात्यात राहतो. गार्डन रीच येथील रेल्वे कार्यालयात नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर एलियट रोडच्या बाजूला दोन खोल्यांत स्थिरावलो. मी या शहरी आलो तेव्हा पार्क स्ट्रीटवरील उपाहारगृहांतल्या वाद्यवृंदांचा बहर ओसरू लागला होता. पण जे उरले होते तेही माझ्यासारख्या नवख्याला पुष्कळ होते. जॅझ गिटारवादक कार्लटन किट्टो यांना मी येथेच ऐकले. पुढे ते कलकत्ता स्कूल ऑफ म्युझिकमध्ये शिकवीत. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांना ऐकून मीही गिटार हाती धरली आणि बेताचीच वाजवीत राहिलो. मात्र एक इच्छा मनात घर करून होती. निवृत्तीचे पैसे हाती येताच मी ती पुरी केली आणि परदेशात हाताने जोडलेला, व्हॉल्व्हवर चालणारा एक ॲम्प्लिफायर मागवला. जकातीसह त्याची किंमत माझ्या वर्षभराच्या निवृत्तिवेतनाहून अधिक झाली. पत्नी काही बोलली नाही, आणि ते तिचे न बोलणे मला अजून ऐकू येते.

ज्यांचे केस पिकले आहेत त्यांना व्हॉल्व्हचा रेडिओ आठवत असेल. बटण फिरवले की लगेच आवाज येत नसे. आत काचेच्या नळ्या तांबूस होऊ लागत आणि मग कोठून तरी दुरून यावा तसा आवाज जवळ येई. कोलकात्यात त्या रेडिओची माया अजून सुटलेली नाही. महालयाच्या पहाटे आकाशवाणीवर बीरेंद्रकृष्ण भद्र यांच्या आवाजातील ‘महिषासुरमर्दिनी’ लागते. १९३१ मध्ये सुरू झालेली ही प्रथा आजही चालू आहे आणि त्या पहाटेसाठी लोक घरातले जुने रेडिओ दुरुस्तीला घेऊन जातात. गिटारचा हा ॲम्प्लिफायर त्याच रेडिओचा भाऊबंद. निर्वात नळीत तापलेल्या धातूपासून इलेक्ट्रॉन निघतात आणि समोरच्या पत्र्याकडे धावतात. मध्ये एक बारीक जाळी असते. ती जाळी १९०६ मध्ये अमेरिकेच्या ली द फॉरेस्ट यांनी घातली. तारेच्या कंपनातून आलेला क्षीण विद्युत्प्रवाह त्या जाळीवर सोडला की इलेक्ट्रॉनांचा मोठा लोंढा त्याच्या तालावर कमीजास्त होतो. एवढेच त्याचे मर्म. आत तीनशे-चारशे व्होल्टचा दाब खेळतो आणि यंत्र बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये काही काळ दबा धरून राहतो, म्हणून माहीतगाराशिवाय कोणी आत हात घालू नये. ट्रान्झिस्टरने हे सारे स्वस्त आणि हलके केले, तरी गिटारवाले जुन्या नळ्यांना चिकटून राहिले. कारण असे की, कुवतीपलीकडे आवाज मागितला तर साधा ट्रान्झिस्टर ध्वनिलहरीचा माथा सपाट छाटतो, तर व्हॉल्व्ह साधारणपणे तो माथा हळूहळू गोलवतो. आवाज फाटतो खरा, पण त्या फाटण्यात एक घोगरी माया असते.

गंमत अशी की, अभियंत्यांच्या लेखी हे फाटणे म्हणजे निव्वळ दोष होता. कॅलिफोर्नियातील फेंडर कंपनीने ‘बासमन’ नावाचा ॲम्प्लिफायर बास गिटारसाठी काढला होता, आणि त्यातून स्वच्छ आवाज निघावा हीच बनवणाऱ्याची इच्छा होती. साध्या गिटारवाल्यांनी तो आपलासा केला आणि मर्यादेपलीकडे फिरवून वाजवला. पुढे १९६२ मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात ड्रमचे दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी त्याच बासमनचा नकाशा पुढे ठेवून आपले यंत्र बांधले, कारण अमेरिकेहून आणलेले यंत्र इंग्लंडात फार महाग पडे. हाती लागतील ते व्हॉल्व्ह आणि ट्रान्स्फॉर्मर वापरल्याने आवाज जरा निराळा, जास्त खरखरीत झाला. त्या खरखरीवर पुढे जगभरच्या संगीताची एक शाखा वाढली. बांधणाऱ्याच्या मनातही नव्हते ते वाजवणाऱ्याच्या कानाने शोधून काढले. कानाच्या न्यायाला केवढा मान मिळू शकतो हे यावरून दिसते. आणि म्हणूनच तो न्याय भ्रष्ट झाला तर दाद मागायला दुसरे न्यायालय नसते, हेही ध्यानात येते.

येथे एक सूक्ष्म मुद्दा आहे. रेडिओचा किंवा ग्रामोफोनचा न्याय करणे त्या मानाने सोपे. मूळ गायकाचा आवाज कोठेतरी अस्तित्वात असतो आणि यंत्र त्याच्याशी किती इमानी राहिले हे पाहता येते. विद्युत गिटारची तार मात्र एकटी वाजवली तर डासाच्या गुणगुणण्याएवढीच वाजते. तिचा जो आवाज आपण ऐकतो तो ॲम्प्लिफायर आणि त्याचा स्पीकर मिळून घडवतात. ज्याच्याशी इमान राखायचे असे मूळ येथे नाहीच. मग “हा चांगला, तो वाईट” असे आपण कोणत्या मापाने म्हणतो?

स्कॉटलंडचे तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७५७ मध्ये रसिकतेच्या मापाविषयी एक निबंध लिहिला. त्यात ‘डॉन किहोते’मधली एक गोष्ट त्यांनी घेतली आहे. मद्याच्या एका पिंपाची पारख करताना एकाने चामड्याचा वास सांगितला, दुसऱ्याने लोखंडाची चव सांगितली. लोक दोघांना हसले. पुढे पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली एक जुनी किल्ली निघाली. ह्यूम यांचे म्हणणे असे की, पारखी मनुष्य सूक्ष्म, सरावलेला आणि पूर्वग्रहापासून मोकळा असावा. पुढे १७९० मध्ये जर्मनीच्या इमान्युएल कांट यांनी याच शेवटल्या मुद्द्यावर जास्त भर दिला: सौंदर्याचा निवाडा करणाऱ्याचा त्या वस्तूच्या असण्या-नसण्यात स्वार्थ गुंतलेला नसावा. हे वाचताना माझ्यासारख्या मालकाने मान खाली घालावी. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही आपल्याकडची म्हण कांटला ठाऊक असती तर त्याची पुष्कळ पाने वाचली असती.

आता घडले ते सांगतो. खडगपूरच्या आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा कोलकात्यात नोकरी करतो. मराठी घर, त्यामुळे मला काका म्हणतो. रविवारी उपासनेत गिटार वाजवतो, शनिवारी लग्नसमारंभांत. त्याच्याजवळ एक लहानसा ॲम्प्लिफायर होता. चांदनी बाजारातल्या एका रेडिओ कारागिराने तो बांधून दिलेला. ट्रान्स्फॉर्मर तिथलाच गुंडाळलेला, व्हॉल्व्ह बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने पूर्वी बनवलेल्यांपैकी, आणि पेटी कोणा सुताराने केलेली. दिसायला ओबडधोबड. तो एके दिवशी हा डबा रिक्षात घालून माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काका, तुमच्यासारखा घ्यावा म्हणतो. घराच्या छपराच्या दुरुस्तीला ठेवलेले थोडे आहेत, बाकीचे कर्ज काढीन. दोन्ही ऐकून खरं काय ते सांगा.”

मी दोन्ही ऐकले. आधी त्याचा, मग माझा. माझ्या यंत्राची बटणे माझ्या सवयीप्रमाणे जरा पुढेच होती. मी त्याला सांगितले, तुझ्यात खोली नाही, खालच्या स्वरांना बूड नाही, हे घे. त्या क्षणी मी खोटे बोललो नाही, यावर आपण विश्वास ठेवावा. मला तसेच ऐकू आले.

दोन आठवड्यांसाठी तो आपला डबा माझ्याकडे ठेवून गेला. एका पावसाळी संध्याकाळी, वीज गेलेली नव्हती हे नशीब, शेजारचे एक निवृत्त बंगाली शिक्षक गप्पा मारायला आले. त्यांना संगीतातले फारसे कळत नाही. पण परीक्षा कशी घ्यावी हे पक्के कळते. माझी फुशारकी ऐकून ते म्हणाले, पाहू तर. त्यांनी दोन्ही यंत्रांवर चादर घातली, मला भिंतीकडे तोंड करून बसवले आणि मोबाइलवर आवाज मोजण्याची सोय असते तिने दोन्हींचा आवाज सारखा करून घेतला. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. दोन आवाजांपैकी एक किंचित मोठा असला तर आपला कान तो “मोठा” म्हणून ओळखत नाही, “चांगला” म्हणून ओळखतो. हे विक्रेत्यांना चांगले ठाऊक असते. मी तेच चार सूर बारा वेळा वाजवले. प्रत्येक वेळी त्यांनी मनास येईल त्या यंत्राची एक ध्वनी, मग दुसऱ्याचा ऐकवला, आणि कोणता बरा हे मी सांगत गेलो. ते दिनदर्शिकेच्या पाठीवर टिपत गेले. सात वेळा मी त्या मुलाचा डबा निवडला, पाच वेळा माझा.

सात आणि पाच यांतून त्याचे यंत्र सरस ठरत नाही. नाणे उडवले तरी असे सहज घडते. ठरले ते एवढेच की, ज्या फरकासाठी मी एका घराचे छप्पर पणाला लावण्याचा सल्ला दिला तो फरक माझ्या कानाला त्या खोलीत सापडत नव्हता. जी “खोली” मी ऐकली ती पैशाची होती.

मी एकटा असा नाही, हे मला मागाहून वाचनात आले. क्लोडिया फ्रिट्झ या फ्रेंच संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये इंडियानापोलिस येथे २१ व्हायोलिनवादकांपुढे सहा व्हायोलिनी ठेवल्या: तीन नव्या, दोन स्त्रादिवारी आणि एक ग्वार्नेरी. खोलीत अंधुक उजेड, डोळ्यांवर झाळकाम करणाऱ्यांचे काळे चष्मे, आणि जुन्या लाकडाच्या वासाने ओळख पटू नये म्हणून हनुवटीच्या आधाराला अत्तराचा थेंबदेखील. बहुतेकांनी नव्या वाद्यांना पसंती दिली, आणि सर्वांत कमी आवडलेली एक स्त्रादिवारीच निघाली. १२ वाद्ये आणि १० नामांकित एकलवादक घेऊन २०१२ मध्ये पॅरिसजवळ हा प्रयोग पुन्हा झाला, तेव्हाही दहापैकी सहाजणांनी नवे वाद्य निवडले. ही सारी आयुष्यभर कान घासलेली माणसे. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. ती कोट्यवधींची नावे त्यांच्या कानांत अगोदरच वाजत होती, एवढेच.

तर मग ज्याची मालकी नाही त्याने न्याय करावा, असे आपण म्हणाल. मलाही काही दिवस तसे वाटले; पण याच शहराचा एक जुना दाखला मला थांबवतो. हाताने भाता चालवण्याची, मांडी घालून बसणाऱ्याला सोयीची हार्मोनियम प्रचारात आणण्यात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांचा मोठा वाटा. त्यांची ‘द्वारकिन’ पेढी १८७५ ची. ही पेटी महाराष्ट्रात आली, नाट्यगृहांत आणि भजनी मंडळांत शिरली, गोविंदराव टेंब्यांच्या बोटांखाली ती गाऊ लागली, आणि आपल्या उपासनामंदिरांतही तिने ठाण मांडले. १९४० मध्ये आकाशवाणीने तिला बंदी केली. तिच्यावर मींड निघत नाही, तिचे सूर पाश्चात्त्य पद्धतीने समान वाटून बसवलेले, हे आक्षेप होते. रवींद्रनाथांनाही ती नको होती. बंदी शिथिल व्हायला १९७१ साल उजाडले. आक्षेप खोटे नव्हते. मींड खरोखरच निघत नाही. तथापि न्यायाधीशांच्या कानांत केवळ श्रुतिशास्त्र होते असे मला वाटत नाही. परकी वस्तू, बाजारी वस्तू, कोणीही उचलावी आणि वाजवावी अशी वस्तू, याबद्दलची तुच्छताही होती. ज्याने ती पेटी खेड्यातल्या मंदिरात वीस वर्षे वाजवली, तिच्या कोणत्या पट्टीला पावसाळ्यात दमा होतो हे ज्याला ठाऊक, त्याची साक्ष कोणी काढली नाही. मालकीच्या मायेने जसा कान बुजतो, तसाच तुच्छतेनेही.

शिवाय मालकाला काही गोष्टी ठाऊक असतात ज्या पडद्याआडच्या परीक्षकाला कधी कळणार नाहीत. माझे यंत्र कोलकात्याच्या दमटपणात कसे वागते, व्हॉल्व्ह म्हातारे होऊ लागले की आवाजाची धार कशी बोथट होते, बोट हलके टाकले तर ते कसे मागे सरते आणि जोराने टाकले तर कसे ओरडते, हे मला चार सुरांच्या परीक्षेने नव्हे तर चार वर्षांच्या सोबतीने कळले. चादरीच्या परीक्षेत यातले काहीच आले नाही. म्हणून मालकाची साक्ष घ्यावी. पण निकालपत्र त्याच्या हाती देऊ नये. कांटशी माझे येथे थोडे जमत नाही. निःस्वार्थ कान कोठे तयार मिळत नाही. तो दर वेळी मेहनतीने, चादर घालून, शेजाऱ्याला बोलावून तयार करावा लागतो.

आता मूळ प्रश्न. मला जे ऐकू आले त्याबद्दल मी दोषी आहे काय? डोळ्यातल्या कुसळामुसळाविषयी आपण बालपणापासून ऐकत आलो. कानात मुसळ असते हे आपल्या ध्यानी येत नाही. मी पुष्कळ विचार केला आणि या निर्णयाला आलो की, ऐकू आले त्याबद्दल मी दोषी नाही. मनुष्याचा कान असाच घडलेला आहे. परंतु माझा कान असा असू शकतो हे या वयात मला ठाऊक असायला हवे होते, आणि दुसऱ्याच्या छपराचा प्रश्न असताना ती चादर मी स्वतः होऊन, त्याच दिवशी, घालायला हवी होती. शेजारी आले नसते तर ती कधीच घातली गेली नसती. सल्ला मागणारा आपल्या मताची किंमत मोजायला निघालेला असतो. अशा वेळी आपल्याला मनापासून वाटते एवढे पुरेसे नाही. ते मनापासून वाटणे कशाने घडले याचीही तपासणी आपण त्याचे देणे लागतो.

हा झाला पहिला भाग, आणि त्यात मी स्वतःला बरेच सांभाळून घेतले आहे हे आपल्या लक्षात आले असेल. दुसरा भाग सांभाळून घेता येत नाही. परीक्षा झाली ती बुधवारी. मुलगा येणार होता पुढच्या आठवड्यात. मध्ये एक रविवार आला, उपासनेनंतर तो मला भेटला आणि म्हणाला, “काका, पैशाची सोय झाली.” तेव्हा मला सांगता आले असते. दिनदर्शिकेचा तो कागद माझ्या खिशातच होता. मी म्हणालो, “छान.” कारण सांगायचे म्हणजे फक्त त्याचे यंत्र चांगले आहे असे सांगून भागणार नव्हते; माझे वर्षभराचे निवृत्तिवेतन कशात गेले हेही सांगावे लागणार होते, त्याला, आणि घरी. त्या एका शब्दापर्यंत कान फसला होता. तिथून पुढे मी फसवले.

ॲम्प्लिफायर आला. डबा विकला गेला. दोन महिन्यांनी, छपराखाली बादल्या लावल्याचे त्याच्या वडिलांकडून फोनवर कळले तेव्हा मी खडगपूरची गाडी पकडली, आणि त्याच्या घरी बसून, त्याच्या आईवडिलांदेखत, सगळे सांगितले. तो कागदही पुढे ठेवला. छपरासाठी काही रक्कम नेली होती. ती त्याच्या वडिलांनी बऱ्याच वेळाने आणि उसनी म्हणून घेतली.

मुलाने कागद नीट वाचला. सात आणि पाच पुन्हा मोजले. मग म्हणाला, “काका, तुमच्या खोलीत तसं असेल. माझ्याकडे हा खरंच चांगला वाजतो.” मी चादरीविषयी बोललो. तो हसला आणि म्हणाला, “अजून तीस हप्ते आहेत. ते फिटू द्या, मग चादर घालू.”